वांगावरचे अमिनो आम्ल : मलम वेगळे, गोळी वेगळी

गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर किंवा वरच्या ओठावर तपकिरी रंगाचे, कडा अस्पष्ट असलेले आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच उमटणारे डाग म्हणजे वांग. वैद्यकशास्त्र त्याला ‘मेलाझ्मा’ म्हणते. तो दुखत नाही, खाजत नाही, संसर्गाने पसरत नाही आणि त्याने जिवाला कोणताही धोका नसतो. तरीही तो होतो चेहऱ्यावर, आणि विशेषतः स्त्रियांना होतो. त्यामुळे त्याचे ओझे त्वचेपेक्षा मनावर अधिक पडते. ‘तोंडावर हे काय झाले?’ हा प्रश्न ज्या स्त्रीला दर समारंभात ऐकावा लागतो, ती उपाय शोधू लागते. आणि बाजार तिची वाटच पाहत असतो.

या बाजारात गेल्या काही वर्षांत एक नाव ठळकपणे दिसू लागले आहे : ट्रानेक्झामिक ॲसिड. सीरमच्या छोट्या बाटल्यांवर, मलमांच्या नळ्यांवर आणि चेहऱ्याला लावायच्या पातळ कागदी मास्कवरही ते छापलेले असते. अनेक स्त्रियांना हेच नाव निराळ्या कारणासाठी परिचित आहे. मासिक पाळीत अतिरक्तस्राव होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ जी गोळी लिहून देतात, तिच्यात हेच द्रव्य असते. अपघातग्रस्ताचा रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे औषधही हेच. एकच द्रव्य तीन ठिकाणी वापरले जात असल्याने त्याविषयी गैरसमजही तितकेच आहेत. काहींना ‘ॲसिड’ या शब्दाची धास्ती वाटते, तर काही जणी मलमाचा गुण लवकर यावा म्हणून घरात उरलेली गोळी घेऊ लागतात. पहिली भीती निराधार आहे; दुसरे धाडस मात्र महागात पडू शकते.

नावात आम्ल, स्वभाव सौम्य

अमिनो आम्ले ही प्रथिनांची घटकद्रव्ये होत. डाळी, दूध, अंडी, मासळी यांतून ती शरीराला मिळतात. त्यांपैकी ‘लायसिन’ नावाचे अमिनो आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही; ते अन्नातूनच घ्यावे लागते. ट्रानेक्झामिक ॲसिड हे या लायसिनशी रचनेने साधर्म्य असलेले, प्रयोगशाळेत तयार केलेले अमिनो आम्ल आहे. या साधर्म्यामुळेच ते लायसिनची जागा अडवू शकते, आणि त्याचा सारा गुण या अडवणुकीत आहे. म्हणून डाळ-मासळी अधिक खाल्ल्याने किंवा लायसिनच्या गोळ्या घेतल्याने वांग कमी होत नाही. किल्लीसारखी दिसणारी, पण कुलूप न उघडणारी वस्तू कुलपात अडकून बसावी, तसे हे काम आहे. खऱ्या किल्ल्या वाढवून ते होणार नाही.

त्वचेवरील मृत पेशींचा थर काढणारी ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ही आम्ले वेगळी. ती लावल्यावर चुरचुरते, त्वचा सोलली जाऊ शकते. ट्रानेक्झामिक ॲसिड त्वचा सोलत नाही, पातळ करीत नाही आणि रंगपेशींना मारतही नाही. नावातील ‘आम्ल’ ही रसायनशास्त्राची संज्ञा आहे. ती दाहाची सूचना नव्हे.

रक्तापासून त्वचेपर्यंत

या द्रव्याचा शोध जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने लावला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात त्यांनी संशोधनासाठी रक्त हा विषय निवडला. रक्त कमी पडले तर स्वतःचे वापरता येईल, हा त्यामागचा एक विचार होता. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रियांना वाचवणारे औषध शोधावे, अशी उताको यांची आकांक्षा होती. लायसिनपासून सुरुवात करून, त्याच्या रचनेत बदल करीत ते १९६२ मध्ये ट्रानेक्झामिक ॲसिडपर्यंत पोहोचले.

जगाने त्याची पूर्ण दखल घ्यायला जवळजवळ अर्धे शतक लागले. ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या ‘क्रॅश-२’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध वेळेत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे त्यातून सिद्ध झाले. २०१७ मध्ये ‘वूमन’ या चाचणीने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातही ते उपयोगी असल्याचे दाखवले. उताको ओकामोतो यांचे निधन त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ मध्ये झाले होते.

त्वचेशी असलेला संबंध मात्र योगायोगाने उघड झाला. १९७९ मध्ये निजो सादाको या जपानी डॉक्टरांनी जुनाट पित्ताच्या गांधींसाठी हे औषध घेणाऱ्या एका रुग्णाचे वांग फिके पडत असल्याचे नोंदवले. त्या निरीक्षणातून पुढील अभ्यास सुरू झाले आणि रक्तस्रावाचे औषध त्वचारोगतज्ज्ञांच्या हाती आले.

डाग फिका कसा होतो?

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. हे मेलॅनिनही एका अमिनो आम्लापासूनच, टायरोसिनपासून बनते. रंगपेशी ते तयार करतात आणि शेजारच्या त्वचापेशींना पुरवतात. ऊन लागले की त्वचापेशी रंगपेशींकडे ‘रंग वाढवा’ असे रासायनिक निरोप धाडतात. उन्हापासून बचाव करण्याची ही शरीराचीच योजना आहे. वांगात मात्र या निरोपांना रंगपेशी अवाजवी प्रतिसाद देतात.

या निरोपांच्या साखळीतील एक दुवा म्हणजे प्लाझ्मिन. रक्ताची गुठळी विरघळवणे हे त्याचे मुख्य काम. उन्हाने उत्तेजित झालेल्या त्वचेतही ते सक्रिय होते आणि रंगपेशींना चेतवणाऱ्या, तसेच सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या द्रव्यांना चालना देते. प्लाझ्मिन ज्या मूळ प्रथिनापासून तयार होते, त्यावर लायसिनला धरून ठेवणाऱ्या जागा असतात. ट्रानेक्झामिक ॲसिड त्या जागा व्यापते आणि साखळी तेथेच सैल पडते. रक्तात याचा परिणाम म्हणजे गुठळी टिकून राहते व रक्तस्राव थांबतो. त्वचेत याचा परिणाम म्हणजे रंगपेशींना मिळणारी चिथावणी कमी होते.

या यंत्रणेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की हे द्रव्य निरोप थोपवते, आधीच साचलेला रंग पुसत नाही. जुना रंग त्वचेच्या नैसर्गिक नवीकरणाबरोबर हळूहळू जातो, म्हणून गुण यायला आठवडे लागतात. दुसरा असा की ऊन रोज नवे निरोप धाडत राहिले, तर थोपवण्याचे काम कधीच संपत नाही.

मलमाकडून किती अपेक्षा ठेवावी?

बाजारातील मलमांत व सीरमांत या द्रव्याचे प्रमाण साधारणतः २ ते ५ टक्के असते. इराणमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ३ टक्के ट्रानेक्झामिक ॲसिड, तर दुसऱ्या बाजूला हायड्रोक्विनोन व स्टेरॉइड यांचे मिश्रण १२ आठवडे लावण्यात आले. दोन्ही बाजूंच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. लाली आणि दाह मात्र मिश्रणाच्या बाजूला अधिक होते. इतर लहान अभ्यासांचे निष्कर्ष काही अनुकूल, काही मध्यम असे आहेत. सारांश असा की मलम सौम्य आहे, बऱ्याच जणींना काही प्रमाणात उपयोगी पडते, परंतु ते चमत्कार करीत नाही.

वापरण्याची रीत साधी आहे. प्रथम कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस काही दिवस थोडे लावून पाहावे. त्रास न झाल्यास चेहरा सौम्य साबणाने धुऊन, कोरडा करून डागांवर व त्यांच्या आसपास पातळ थर द्यावा. बहुतेक उत्पादने दिवसातून एकदा किंवा दोनदा वापरायची असतात. त्यानंतर मॉइश्चरायझर आणि सकाळच्या वेळी त्यावर सनस्क्रीन लावावे. नायसिनामाइड या घटकाबरोबर त्याचा मेळ चांगला बसतो. मात्र रेटिनॉल, ग्लायकोलिक ॲसिड, जीवनसत्त्व क आणि हे असे सारे एकाच आठवड्यात सुरू करू नये. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर दाहाची खूण काळ्या डागाच्या रूपाने मागे राहते. डाग घालवण्याच्या घाईत त्वचा भाजून निघाली, तर नवा डाग पडतो. लिंबाचा रस चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपाय याच कारणाने टाळावा. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हाच्या संपर्कात त्वचेला पोळतात.

परिणाम पाहायचा असेल तर सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी छायाचित्र घ्यावे. आरशात रोज पाहून फरक कळत नाही. १२ आठवडे नियमित वापरूनही काही फरक नसेल, तर अधिक महाग बाटली घेण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे योग्य. गरोदरपणात वांग दिसू लागले असेल, तर कोणतेही औषधी मलम डॉक्टरांना विचारूनच लावावे. अनेक स्त्रियांचे असे वांग प्रसूतीनंतर काही महिन्यांत आपोआप फिके होते.

गोळी ही निराळी गोष्ट

मलमातून हे द्रव्य रक्तात अगदी अल्प प्रमाणात जाते. गोळीचे तसे नाही. ती सर्व शरीरात पोहोचते. मुळात हे औषध गुठळी टिकवून ठेवणारे आहे. ज्या शरीरात नको तेथे गुठळी होण्याची प्रवृत्ती आहे, तेथे हाच गुण अवगुण ठरतो.

गोळीचा उपयोग होतो, यात शंका नाही. सिंगापूरमधील ५६१ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील जवळपास ९० टक्के रुग्णांचे वांग कमी झाले. मात्र सुमारे २७ टक्के रुग्णांमध्ये ते पुन्हा उद्भवले. एका रुग्णाच्या पायातील खोल शिरेत गुठळी झाली. रक्त गोठण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या एका प्रथिनाची आनुवंशिक कमतरता त्या रुग्णात असल्याचे नंतर निदान झाले. ५६१ मध्ये एक ही संख्या लहान आहे, पण ते रुग्ण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते, हे विसरता कामा नये. जी स्त्री परस्पर फार्मसीतून गोळ्या आणते, तिची कौटुंबिक पार्श्वभूमी कोणी विचारलेली नसते.

या ठिकाणी एक बाब विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वांगाच्या कारणांपैकी एक म्हणजे इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या. या गोळ्यांमुळे गुठळीचा धोकाही काही अंशी वाढतो, आणि त्यांच्याबरोबर ट्रानेक्झामिक ॲसिडची गोळी घेतल्यास तो आणखी वाढू शकतो. म्हणजे जिला वांगाची गोळी घ्यावीशी वाटते, तीच कित्येकदा ती घेण्यास अपात्र असते. गर्भनिरोधक गोळी हे ‘औषध’ वाटत नसल्याने तिचा उल्लेख डॉक्टरांसमोर राहून जातो. तो आवर्जून करावा.

स्वतःला किंवा जवळच्या नातलगांना पूर्वी गुठळीचा विकार, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला असल्यास, वारंवार गर्भपात झाले असल्यास, मूत्रपिंडाचा विकार असल्यास, धूम्रपानाची सवय असल्यास किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहण्याचा प्रसंग असल्यास तेही सांगावे. पाळीसाठी ही गोळी महिन्यातून काही दिवसच घेतली जाते. वांगासाठी मात्रा त्याहून कमी असली, तरी ती महिनोन्‌महिने घ्यावी लागते. एकीसाठी लिहिलेली चिठ्ठी म्हणूनच दुसऱ्या कामाला चालत नाही, मैत्रिणीची तर नाहीच. गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा दृष्टीत बिघाड झाला, तर गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशाच प्रसंगांसाठी आहे.

पंधरा दिवसांत उजळवणाऱ्या नळीची किंमत

ट्रानेक्झामिक ॲसिड मंद गतीने काम करते, हीच त्याची अडचण. त्याच फळीवर पंधरा दिवसांत चेहरा उजळवणारी मलमे असतात. त्यांतील अनेकांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचा संगम असतो. या तिहेरी सूत्राची कल्पना अमेरिकेतील क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये मांडली. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मर्यादित काळासाठी ते आजही उपयुक्त औषध आहे. परंतु तेच वर्षानुवर्षे ‘क्रीम’ म्हणून लावले, तर त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे दिसू लागते, पुरळ येते, चेहऱ्यावर केस वाढतात. आणि मलम थांबवताच आग व लाली उसळून आल्याने ते सोडताही येत नाही. हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने क्वचित निळसर-काळे, न जाणारे डाग पडतात. वांग परवडले, पण हे नको, अशी अवस्था होते.

भारतात स्टेरॉइडयुक्त मलमांचा असा गैरवापर इतका वाढला की त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेला लावायच्या १४ स्टेरॉइडांना चिठ्ठीविना विक्रीस मनाई असलेल्या ‘एच’ अनुसूचीत आणले. नियम झाला, तरी ग्राहकाने नळीवरचे घटक वाचणे अटळ आहे. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे हे समजावे. ज्या डबीवर घटकच छापलेले नाहीत, ती घेऊच नये.

ऊन अडवल्याविना सारे व्यर्थ

गोव्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या संधिकाळात आणि ऑगस्टमध्ये, थेट डोक्यावर येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिवसभर बसणारी विक्रेती, शेतात राबणारी बाई, स्कूटरवरून रोज पणजी गाठणारी कर्मचारी, समुद्रावरून उसळणारा लख्ख उजेड अंगावर घेत काम करणारी मासळीवाली, या सर्वांचे वांग चिवट असण्याचे कारण त्यांच्या दिनक्रमातच आहे. ढगाळ आभाळ पूर्ण संरक्षण देत नाही आणि खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा एक भाग आत येऊ देते. चुलीची किंवा भट्टीची धगही वांग वाढवते, असे तज्ज्ञांचे निरीक्षण आहे.

म्हणून रुंद काठाची टोपी, छत्री, हेल्मेटची रंगीत काच किंवा चेहऱ्यावर सैलसर बांधलेला सुती ओढणीचा पदर हे पहिले औषध. त्याच्या जोडीला ३० किंवा अधिक एसपीएफ असलेले सनस्क्रीन तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके घेऊन चेहरा व मानेला लावावे. उन्हात असताना दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. गव्हाळ त्वचेत केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो. तो अडवण्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगछटेचे सनस्क्रीन अधिक उपयोगी. पांढऱ्या सनस्क्रीनमध्ये हा गुण बहुधा नसतो.

आधी निदान, मग औषध

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. कपाळावर टिकलीच्या जागी पडलेला डाग चिकटद्रव्याच्या किंवा कुंकवातील रंगाच्या ॲलर्जीमुळे असू शकतो. केसांच्या कलपानेही कपाळ व कानशिले काळवंडतात. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल, तर तो शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचे चिन्ह असू शकते. तेथे मलमाऐवजी रक्तशर्करेची तपासणी हवी. काही औषधांमुळे आणि काही त्वचाविकारांमुळेही असेच डाग पडतात. या कोणत्याही डागाचे मूळ कारण ट्रानेक्झामिक ॲसिडने दूर होत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. बाटल्या बदलत वर्ष घालवण्यापेक्षा तेथील किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांची एक भेट स्वस्त पडते.

वांग हा गोरेपणाचा प्रश्न नाही, हेही स्पष्ट असावे. उपचाराचे ध्येय डाग आणि भोवतालची त्वचा यांतील अंतर मिटवणे एवढेच आहे. मूळ वर्ण बदलणे नव्हे. वांग पूर्णपणे ‘बरे’ होण्यापेक्षा ताब्यात राहणारा विकार आहे. बरे दिसू लागल्यावर ऊन टाळण्याची शिस्त सुटली, की तो परततो. छत्री आणि सनस्क्रीन रोजचे, सौम्य मलम काही महिन्यांचे, गोळी केवळ डॉक्टरांनी सर्व चौकशी करून दिली तरच, आणि झटपट उजळवणारी निनावी नळी कधीच नाही. या क्रमाने चालणारीला गुण उशिरा येईल. पण डाग घालवताना त्वचा किंवा जीव धोक्यात घालण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.